टाकीत किती किलो मासा आहे, हे विक्रीच्या आधी कसं कळावं?

गोराईच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांच्या घरामागे ४ मीटर व्यासाची ताडपत्रीची बायोफ्लॉक टाकी आहे (पाण्यात जिवाणूंचे पुंजके, म्हणजे फ्लॉक, वाढवून घाण जिरवतात ती), पाणी साधारण १०,००० लिटर. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ३ ग्रॅमचं तिलापियाचं १,००० बीज सोडलं. दर पंधरा दिवसांनी वजन घेतलं, वही नीट ठेवली. शंभराव्या दिवशी २० मासे काढून तोलले, ३ किलो २०० ग्रॅम भरले, म्हणजे सरासरी १६० ग्रॅम. वहीत मेलेले ६० मासे लिहिले होते, ते वजा करून ९४० राहिले. ९४० गुणिले १६०, म्हणजे १५० किलो. त्या हिशेबावर गिऱ्हाईक ठरवलं. टाकी रिकामी केली तेव्हा काट्यावर ११८ किलो भरले. नगही मोजले होते, ८२०. त्यांचा प्रश्न असा: ३२ किलो मासा गेला कुठे, आणि पुढच्या वेळी वाढ नि उत्पादन बरोबर मोजायचं कसं? शिवाय खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या, अर्ध्या एकराच्या तळ्यात जिताडा (खाडीतला शिकारी मासा) सोडायचा विचार आहे, तिथे काय करायचं?

ताई, तुमचे ३२ किलो कुठेही गेलेले नाहीत. ते टाकीत कधी नव्हतेच. पण तुम्ही विकताना नग मोजलेत, हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक फक्त किलो लिहितात आणि मग चूक कुठे झाली ते कधीच कळत नाही. तुमच्या वहीवरून ते दाखवता येतं.

११८ किलो भागिले ८२० म्हणजे खरी सरासरी १४४ ग्रॅम. तुम्ही धरली होती १६०. संख्या धरली होती ९४०, निघाली ८२०. आता दोन्ही चुकांची किंमत वेगवेगळी काढा. १२० मासे नव्हतेच, ते प्रत्येकी १६० ग्रॅमचे धरले होते, म्हणजे १९ किलो. आणि जे ८२० होते, ते प्रत्येकी १६ ग्रॅमनं जास्त धरले, म्हणजे १३ किलो. १९ आणि १३ मिळून ३२. म्हणजे तराजूपेक्षा मोठी चूक मोजणीत आहे. गेली २४ वर्षं मी वसई, उरण, पेण या पट्ट्यातली तळी आणि टाक्या बघतो आहे, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी हेच दिसतं. लोक चांगला डिजिटल काटा आणतात, दर पंधरवड्याला वजन घेतात, आणि संख्येच्या जागी मात्र बीजवाल्यानं सांगितलेला आकडा शेवटपर्यंत तसाच चालवतात. टाकीतला एकूण मासा म्हणजे संख्या गुणिले सरासरी वजन. यातला एकच आकडा आपण मोजतो. दुसरा धरून चालतो.

म्हणून आधी संख्येचं बोलतो.

ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून बीज येतं, त्यावर ५०० किंवा १,००० लिहिलेलं असतं. ते बहुधा पेल्यानं किंवा चाळणीनं मोजलेलं असतं. एक पेला मोजायचा आणि मग नुसते पेले ओतत जायचं. घाईत पेल्यात पाणी जास्त गेलं की नग कमी पडतात. यात कुणाची लबाडी असतेच असं नाही, पण नुकसान तुमचं होतं. घरी आल्यावर स्वतः मोजा. ३ ग्रॅमचं बीज असेल तर वजनानं मोजणं सोपं जातं. ५० बोटुकल्या, म्हणजे बोटाएवढी पोरं, मोजून काढा, पाणी निथळून तोला. असं तीन वेळा, वेगवेगळ्या पिशव्यांतून. मग सगळं बीज तोलून भागाकार करा. तीनही वजनं जवळजवळ आली तर आकडा धरण्यासारखा आहे. एक खूप वेगळं आलं तर बीज एकसारखं नाही असं समजा आणि आणखी दोनदा घ्या.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी करायची. मच्छरदाणीच्या कापडाचा एक हापा शिवून घ्या, हात-दीड हात लांबी-रुंदीची पिशवीच. तो टाकीत चार काठ्यांना बांधा आणि त्यात मोजून १०० बीज सोडा. बाकीचं टाकीत. तीन दिवसांनी हापा उचला आणि जिवंत किती ते मोजा. प्रवासाचा ताण, पाण्यातला फरक, पिशवीत झालेली घुसमट, या सगळ्याची मरतूक पहिल्या तीन दिवसांत होते. फ्लॉकच्या तपकिरी पाण्यात ३ ग्रॅमचं मेलेलं पोर वर येतच नाही, दोन दिवसांत विरघळून जातं. हाप्यात मात्र ते लपत नाही. हाप्यात ९० वाचले असतील तर टाकीतही साधारण ९० टक्के धरा. माझा अंदाज आहे की तुमचे हरवलेले मासे इथेच गेले. १८० कमी आले, त्यातले ६० तुम्हाला दिसले. उरलेल्यांतले शंभरेक पहिल्या आठवड्यातच गेले असावेत. थोडे बगळ्यांनी नेले असतील, थोडे उडी मारून बाहेर पडले असतील. टाकीवर जाळी आहे का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर आधी घाला.

तिसरं, महिना-दीड महिन्याने प्रतवारी करताना सगळी टाकी एकदा मोजा. प्रतवारी करावीच लागते. लहान-मोठे वेगळे केले नाहीत तर मोठे खाद्य ओढतात आणि लहान मागेच राहतात. मासे एकेक करून हातातून जातच असतात, तेव्हा दहा-दहाच्या खेपा मोजून वहीत रेघा ओढा. १,००० माशांना दोन माणसांना तासभर लागतो. या एका तासात तुमचा संख्येचा आकडा नवा होतो. पुढच्या दोन महिन्यांची चूक तिथून मोजायची, पहिल्या दिवसापासून नाही.

आता वजन. २० माशांचा नमुना १६० ग्रॅम दाखवतो आणि टाकीची सरासरी १४४ निघते, याला दोन कारणं आहेत. तुम्ही लिहिलंय की खाद्य टाकल्यावर मासे वर आले की हातजाळ्यानं काढता. खाद्यावर सगळ्यांत आधी झेपावतात ते टाकीतले दांडगे. लहान मासे तळाशी, कडेला थांबतात. शिवाय त्यांचं पोट भरलेलं असतं, ते वजन मांसाचं नाही. दुसरं कारण साध्या गणिताचं. एकाच टाकीत कुणी १०० ग्रॅमचा, कुणी २०० ग्रॅमचा असतो. सरासरीच्या मानानं वजनात ३० टक्के तफावत असेल, आणि प्रतवारी न केलेल्या टाकीत ती सहज असते, तर २० माशांच्या नमुन्याची सरासरी नुसत्या योगायोगानंही १३ टक्के वरखाली होऊ शकते. तफावत २५ टक्क्यांवर आणली आणि २५ मासे घेतले, तर १० टक्क्यांच्या आत राहता. चूक ५ टक्क्यांवर आणायची तर १०० मासे लागतात. म्हणजे चूक अर्धी करायला नमुना चौपट. तुमच्या टाकीसाठी मी दर वेळी ५० सांगेन, आणि विक्रीच्या आधीच्या मोजणीला १००.

पण चुकीच्या पद्धतीनं काढलेले १०० मासे नीट काढलेल्या ३० माशांपेक्षा वाईट. नमुना कसा काढायचा, ते सावकाश सांगतो, कारण हे वाचून नाही, करून जमतं.

आदल्या संध्याकाळी खाद्य निम्मं करा, सकाळचं देऊ नका. पहाटे मोजायला बसू नका, त्या वेळी पाण्यात ऑक्सिजन सगळ्यांत कमी असतो. ऊन वर आल्यावर, साडेआठच्या सुमारास सुरू करा. ढगाळ, कुंद हवा असेल तर तो दिवस सोडून द्या. टाकीतलं पाणी निम्म्यावर आणा. गाठी नसलेल्या मऊ जाळ्याचा पडदा दोघांनी दोन टोकांना धरून टाकीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ओढत न्या, खालची कड तळाला घासत. मासे एका कोपऱ्यात आले की जाळ्याच्या खालून, मधून, वरून असे टोपल्यानं उचला. दिसेल तो मासा पकडायचा नाही, येईल तो घ्यायचा.

शेजारी काटा. काट्यावर टब, टबात अर्ध्यापर्यंत टाकीचंच पाणी, आणि काटा शून्यावर. आता दहा मासे चाळणीत घ्या. चाळणी पाण्याबाहेर काढून हलवू नका, नुसती धरा आणि मनात दहा म्हणा. सुरुवातीला पाण्याची धार लागते, मग थेंब, मग थेंबांमधलं अंतर वाढतं. तेव्हा मासे टबात सोडा. टबातच का, तर कोरड्या काट्यावर मासा तडफडतो, आकडा नाचत राहतो, आपण मधलाच कुठला तरी लिहितो आणि माशाचा चिकट थर निघून जातो तो वेगळाच. पाण्यात तो दोन सेकंदांत शांत होतो. आकडा स्थिरावला की लिहा, काटा पुन्हा शून्यावर आणा, पुढचे दहा. प्रत्येक खेपेला चाळणी सारखाच वेळ निथळायची, हे महत्त्वाचं. दहा माशांबरोबर ५०-६० ग्रॅम पाणी सहज येतं. ५ खेपा झाल्या की मासे परत सोडा. त्याआधी मिठाच्या पाण्यातून काढा, लिटरला १० ग्रॅम मीठ, ५ मिनिटं. जाळ्यानं झालेल्या खरचटण्यावर बुरशी चढत नाही. हात आधीपासून ओले असू द्या.

महिन्यातून एकदा यांतले ३० मासे एकेक करून तोला आणि लांबीही घ्या. एकेक तोलल्याशिवाय तफावत कळत नाही, आणि तफावत हा विक्रीचा विषय आहे. सरासरी १४४ च्या दोन टाक्या असू शकतात. एकीत सगळे १३० ते १६० च्या दरम्यान, दुसरीत ७० पासून २४० पर्यंत. पहिलीचा सगळा माल एका भावानं जातो. दुसरीतल्या लहान माशांना गिऱ्हाईक नाक मुरडतं. आपल्या बाजारात कोळणी वाटे लावतात, त्यांची नजर वजनाच्या आधी आकार बघते. टोपली नुसती उचलून तिच्यात किती माल आहे ते बिनचूक सांगणाऱ्या बायका मी बघितल्या आहेत. त्यांच्यापुढे मिसळलेला माल ठेवला की भाव लहानावर ठरतो.

लांबी मोजताना तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजा आणि दर वेळी तसंच मोजा. वर्सोव्याला १९६१ पासून केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिथल्या एका प्रशिक्षणात मी पहिल्यांदा मोजफळीवर मासा ठेवला. तोंड फळीच्या भिंतीला टेकलेलं नसेल तर अर्ध्या सेंटीमीटरनं काय होतं, ते तिथे समजलं. मासा लांबी, रुंदी आणि जाडी तिन्हींनी वाढतो, म्हणून वजन साधारण लांबीच्या घनाच्या पटीत जातं. २० सेंटीमीटरच्या जागी २०.५ लिहिलंत तर लांबीत अडीच टक्के चूक झाली, पण त्यावरून काढलेल्या वजनात साडेसात टक्क्यांहून जास्त. त्यामुळे लांबीवरून वजन काढायच्या फंदात पडू नका. लांबीचा खरा उपयोग मासा भरलेला आहे की हडकुळा, हे बघायला. वजन ग्रॅममध्ये घ्या, लांबीच्या घनानं भागा, शंभरनं गुणा. २० सेंटीमीटरचा १४४ ग्रॅमचा मासा असेल तर १.८ येतं. तेवढ्याच लांबीचा १२० ग्रॅमचा असेल तर १.५. हा आकडा दुसऱ्याच्या टाकीशी ताडून बघायचा नाही, आपल्याच मागच्या महिन्याशी. तो उतरत असेल तर खाद्य कमी पडतंय, नाहीतर आजार आत शिरलाय. सरासरी वजन घसरायच्या आधी हे दिसतं.

आता वाढ मंदावली की नाही, हा तुमचा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की पहिल्या महिन्यात मासा ३ चा २० ग्रॅम झाला, सत्तराव्या दिवशी ८० होता, शेवटच्या महिन्यात १४४ झाला, आणि शेजारचे म्हणतात वाढ खुंटली. हे त्यांनी कशावरून ठरवलं, ते बघा. रोजची ग्रॅमनं वाढ काढली तर पहिल्या महिन्यात दिवसाला अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त, शेवटच्या महिन्यात २.१ ग्रॅम. वाढ चौपट झाली म्हणायचं. रोजची टक्क्यांनी वाढ काढली, म्हणजे दोन्ही वजनांच्या नैसर्गिक लॉगॅरिथमची वजाबाकी करून दिवसांनी भागलं आणि शंभरनं गुणलं, तर पहिल्या महिन्यात ६.३ टक्के आणि शेवटच्या महिन्यात जेमतेम २ टक्के. वाढ तिसऱ्या हिश्शावर आली म्हणायचं. आकडे तेच आणि निष्कर्ष उलटे. लहान मासा टक्क्यांत नेहमीच भराभर वाढतो, मोठा ग्रॅममध्ये. म्हणून या दोन्ही मापांनी एकाच वजनाच्या माशांची तुलना करावी: या खेपेचा ८० ग्रॅमचा मासा मागच्या खेपेच्या ८० ग्रॅमच्या माशाशी.

आकाराचा परिणाम बाजूला काढायचा असेल तर वजनाचं घनमूळ वापरा. ३ चं घनमूळ १.४४, २० चं २.७१, फरक १.२७. ८० चं ४.३१, १४४ चं ५.२४, फरक ०.९३. दोन्ही वेळा दिवस ३० च. म्हणजे थोडी वाढ कमी झाली हे खरं. पण तुमच्याच वहीत पाण्याचं तापमान आहे, पहिल्या महिन्यात ३० अंश आणि डिसेंबर-जानेवारीत २४. फरकाला तापमान आणि दिवस यांच्या गुणाकारानं भागून हजारानं गुणलं की पहिल्या महिन्याला १.४१ येतं आणि शेवटच्या महिन्याला १.२९. म्हणजे वाढ कमी झाली त्यातला बराच भाग थंडीचा आहे. तिलापिया गरम पाण्यातला मासा, पाणी २० च्या खाली गेलं की त्याचं खाणं एकदम कमी होतं. गोराईसारख्या उघड्या जागी उत्तरेचा वारा लागतो, रात्री टाकी झाकली तर दोन अंश वाचतात. हे तापमानाचं गणित माशाला मानवणाऱ्या मर्यादेतच चालतं, मे महिन्यात टाकी ३४ वर गेली की त्यावर विसंबू नका. पण पावसाळी खेप आणि हिवाळी खेप शेजारी ठेवायला याच्याइतकं कामाचं माप मला दुसरं मिळालेलं नाही.

खाद्याकडे येतो, कारण चुकीचा आकडा पैसे इथे खातो. एकूण १७७ किलो खाद्य गेलं. तुमच्या कागदावर १५० किलो मासा, त्यातून बीजाचे ३ किलो वजा, म्हणजे किलोभर मासा व्हायला १.२ किलो खाद्य. हा आकडा बघून तुम्ही खूश होतात. इतका चांगला आकडा दिसला की मी आधी संख्येवर संशय घेतो. खरा हिशेब ११८ वजा ३, म्हणजे ११५ किलो, आणि प्रमाण १.५४. वाईट नाही, सुधारता येईल असं आहे. पण शेवटच्या पंधरवड्यात तुम्ही १५० किलोच्या ३ टक्के, म्हणजे रोज साडेचार किलो खाद्य टाकत होतात. टाकीत मासा होता ११८ किलो, त्याला साडेतीन किलो पुरे. रोजचं एक किलो जादा. ३० टक्के प्रथिनाच्या एक किलो खाद्यात ४८ ग्रॅम नायट्रोजन असतो. मासे ते खात नाहीत, ते कुजतं, आणि त्याचा अमोनिया होतो. १०,००० लिटरमध्ये ही रोजची लिटरला पावणेपाच मिलिग्रॅमची भर आहे. तुम्ही फ्लॉकच्या जिवाणूंसाठी गूळ वाढवत होतात तरी अमोनिया उतरत नव्हता, त्याचं कारण हेच.

आणि वहीत तुम्हीच तीन वेळा लिहिलंय, “संध्याकाळचं खाद्य उरलं.” टाकी तुम्हाला तेव्हाच सांगत होती. खाद्य उलट बाजूनंही वाचता येतं. मासे रोज साडेतीन किलो संपवतात आणि त्या वजनाला, त्या तापमानाला ते अंगच्या ३ टक्के खातात असं धरलं, तर टाकीत सुमारे ११७ किलो मासा आहे. ही टक्केवारी हवेनुसार हलते, थंडीत घसरते, त्यामुळे एका दिवसावरून ठरवू नका. पण आठवडाभर खाद्यावरून निघणारा आकडा ११७ आणि वहीतला १५० असेल, तर टाकी मोजायला काढा. कोळंबीवाले चेक ट्रेवरून, म्हणजे खाद्य उरलं का ते बघायला पाण्यात सोडलेल्या ताटावरून, हेच करतात.

उत्पादन किती झालं, याची खरं तर तीन उत्तरं आहेत आणि लोक ती एकमेकांत मिसळतात. आज टाकीत उभा असलेला मासा हा साठा. विकलेला माल हा उतारा. आणि सगळ्या खेपेत मिळून जेवढं मांस तयार झालं ते उत्पादन, त्यात पुढे मेलेल्या माशांनी मरायच्या आधी धरलेलं वजनही येतं. ते असं काढायचं की प्रत्येक टप्प्यात सरासरी किती मासे होते आणि प्रत्येकाचं वजन किती वाढलं, यांचा गुणाकार करायचा आणि टप्प्यांची बेरीज घ्यायची. न्यूझीलंडच्या एका ओढ्यातल्या ट्राउट माशांवर अ‍ॅलन नावाच्या अभ्यासकांनी १९५१ मध्ये हेच आलेखावर मांडलं, संख्या एका अक्षावर, वजन दुसऱ्यावर. तुमच्या टाकीत पहिल्या आठवड्यानंतर ९०० मासे, महिन्यानं ८८०, सत्तराव्या दिवशी ८५०, शेवटी ८२० असं धरू. मग ८९० गुणिले १७, ८६५ गुणिले ६०, ८३५ गुणिले ६४, बेरीज १२० किलो. हाती आले ११५. पाच किलो मांस तयार होऊन वाया गेलं. याचा व्यवहारातला अर्थ इतकाच की पहिल्या आठवड्यात मेलेल्या बोटुकलीनं बीजाचे पैसे नेले, आणि नव्वदाव्या दिवशी मेलेल्या माशानं बीजासकट २०० ग्रॅम खाद्य नेलं. म्हणून मेलेला मासा नुसता मोजू नका, तोलूनही लिहा.

जिताड्याचं वेगळं आहे आणि त्यात मी स्वतः फसलो आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी पेणच्या बाजूला खारबांधाच्या आतल्या एका तळ्यात १,५०० जिताडा सोडला होता. पंधरा दिवसांनी पाग (हातानं फेकायचं जाळं) टाकून नमुना घ्यायचो. सरासरी अशी चढत होती की तळ्याचा मालक गावभर सांगत होता. प्रतवारीची गरज मला वाटली नाही, कारण आकडे उत्तम होते. काढणीला २०० पण मासे निघाले नाहीत. त्या माणसानं माझ्या शब्दावर खाद्यासाठी कर्ज काढलं होतं, ते अजून मला टोचतं. झालं काय होतं? जिताडा आपल्याच भावंडांना खातो, स्वतःच्या निम्म्याहून जास्त लांबीचं पोरही गिळतो. समजा दहा मासे आहेत, पाच २० ग्रॅमचे, पाच ६० चे. एकूण ४०० ग्रॅम, सरासरी ४०. मोठ्यांनी लहान पाच खाल्ले आणि स्वतः ६५ झाले. आता एकूण ३२५ ग्रॅम, सरासरी ६५. सरासरी ६० टक्क्यांहून जास्त वाढली आणि तळ्यातला मासा कमी झाला. जिताड्यात सरासरी एकदम उडी मारते तेव्हा आनंद मानू नका, त्याच दिवशी मोजणी करा.

म्हणून तुमच्या तळ्यात थेट लहान बीज सोडू नका. आधी हाप्यांत किंवा टाकीत वाढवा, दर आठवड्याला प्रतवारी करा, प्रत्येक प्रतवारीला नग मोजा, आणि बोटभर लांबीचा, एकसारखा झाल्यावर मोजूनच तळ्यात सोडा. तळ्यात नमुना घ्यायला ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी कमी करा आणि ओढजाळं टाका. पाग एकाच जागी टाकू नका, उघाडीपाशी, मध्ये, बांधाच्या सावलीत, सगळीकडून घ्या. मोठा जिताडा पाग चुकवतो, हेही धरा.

खुणा करून मोजायची पद्धत तुम्ही कुठेतरी वाचली आहे. १०० माशांच्या परांचं टोक कापून सोडायचं, आठवड्यानं पुन्हा पकडायचे, आणि खुणेचे किती ते बघायचं. दुसऱ्या वेळी ९० पकडले आणि ९ खुणेचे निघाले, तर गणितानं तळ्यात सुमारे ९२० मासे येतात. पण नऊच खुणा मिळाल्या असताना खरी संख्या ५०० पासून १,८०० पर्यंत कुठेही असू शकते. निदान ४०-५० खुणेचे परत मिळाले तरच या आकड्यावर खाद्य ठरवा. तुमच्या अर्ध्या एकराला, ३०० खुणा आणि दोन-तीन ओढी असतील तर ते जमेल. कॅमेऱ्यानं किंवा ध्वनीलहरींनी मोजायची यंत्रं नॉर्वेच्या सॅल्मन पिंजऱ्यांत चालतात, फ्लॉकच्या किंवा खाजणाच्या गढूळ पाण्यात कॅमेऱ्याला काही दिसत नाही.

आता टाकी रिकामी आहे, तर नवं बीज यायच्या आधी वहीची पानं आखून ठेवा. तारीख, सकाळचं तापमान, टाकलेलं खाद्य, उरलेलं खाद्य, मेलेले नग, त्यांचं वजन. नमुन्याच्या दिवशी प्रत्येक दहाच्या खेपेचं वजन वेगळं लिहा, नुसती बेरीज नको. आणि संख्येचे दोन रकाने ठेवा, एकात वजाबाकीनं आलेली, दुसऱ्यात प्रत्यक्ष मोजलेली, मोजल्याच्या तारखेसह. पुढच्या महिन्यात हाप्याची मोजणी झाली की ते दोन आकडे मला कळवा, खाद्याचं प्रमाण त्यावरून बसवू.